नंबर आला का?

आमच्या कुंडलात कुणी ‘नंबर आला का?’ असं विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नये. विचारणाऱ्याच्या हातात दळणाचा डबा असेल तर प्रश्न गिरणीचा. पोरगं बारावी झालं असेल तर ॲडमिशनचा. आणि दिवाळी उलटून गेली असेल तर हातात काहीही असो, प्रश्न उसाचाच.

जुलै-ऑगस्टात आडसाली लागण करायची, कारखान्याकडं नोंद द्यायची आणि पुढचं सव्वा-दीड वर्ष नंबराची वाट बघायची. लागणीची तारीख जितकी आधीची, तितका तोडीचा नंबर आधी, असा नियम. घरातल्या पोरांच्या जन्मतारखा बापाला अंदाजानं सांगाव्या लागतात. लागणीची तारीख झोपेतून उठवलं तरी बिनचूक येते. उसाला तुरा दिसू लागला, की आता वजन घटणार म्हणून घरधन्याचंच वजन घटायला लागतं. त्या दिवसांत कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय दारावरून गेला, तर त्याला मिळणारा चहा पाहून जावयानं रुसावं.

अशा ऐन हंगामात गावात डोळ्यांचं शिबिर भरलं. डॉक्टर आमच्या तात्यांना म्हणाले, “आजोबा, तुमचा नंबर वाढलाय.”

तात्या ताडकन उठले. “वाढला म्हंजे मागं गेला की वो! लागण तर जुलैचीच हाय माझी!”

तसं उसाचं नावसुद्धा नंबरच. पाडेगावच्या संशोधन केंद्रानं एका वाणाचं बारसं करून ‘नीरा’ असं गोड नाव ठेवलं. त्या नावानं त्याला इकडं कुणी हाक मारत नाही. तो शहाऐंशी बत्तीस. कागदावर को ८६०३२. को म्हणजे कोइमतूर आणि ८६ हे सालही त्यातच. त्याच्या शेजारच्या वावरात दोनशे पासष्ट. द्राक्षबागेत गेलात तर तिथं वेगळाच पाढा : एकोणीस एकोणीस एकोणीस, झिरो बावन्न चौतीस. नत्र, स्फुरद, पालाशाचे हे टक्के. गणितात नापास होऊन शेतीत आलेली पोरं ते धडाधड म्हणतात. हे ऐकून त्यांचे मास्तर चकित होतात, आणि बाग त्यांचीही असल्यामुळं लिहूनही घेतात.

माणसाची किंमतही नंबरावरच ठरते. ‘एक नंबर माणूस’ म्हटलं की मान ताठ होते. ‘एक नंबरचा’ म्हटलं की पुढं लबाड, चालू असलं काहीतरी येणार हे नक्की. एका ‘चा’नं अब्रू जाते. ‘दोन नंबर’ला मात्र धंदा, पैसा असं काही जोडावंही लागत नाही. सगळे समजतात आणि विषय बदलतात. पहिलीतलं पोर करंगळी वर करून ‘बाई, एक नंबर’ म्हणतं, तेव्हा त्यात कौतुकाचा भाग नसतो; बाईंनी घाई करायची असते.

कुस्तीच्या मैदानात तर सगळं उलटं. कुंडलचं मैदान नावाजलेलं. तिथं एक नंबरची कुस्ती सगळ्यांत शेवटी लागते. पहिला नंबर बघायचा तर दिवस मावळेपर्यंत बूड हलवायचं नाही.

गंमत अशी, की इंग्रजाला हाकलण्यात हेच गाव पुढं होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल हे मोठं केंद्र. इथल्याच जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेनं ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवून सरकारी खजिना काढून घेतला. इंग्रजाचा खजिना घेतला, कोर्टकचेऱ्या झुगारून स्वतः न्यायनिवाडे केले. त्या रेट्यातून त्याचा ‘नंबर’ हा एक शब्द तेवढा सुटला. सुटला कसला, इथंच राहून सातबारावर गट नंबर होऊन बसला.

माझं मत विचाराल, तर राहू द्यावा. ‘क्रमांक’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर आणि बक्षीस समारंभात शोभतो. पण ‘माझ्या उसाचा क्रमांक आला’ असं म्हणणाऱ्याच्या रानात ऊस असेल यावर आमच्याकडं कुणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा कुंडलला आलात आणि कुणी तुमचा नंबर मागितला, तर फोनचाच असेल असं धरून चालू नका. लागणीची तारीख तयार ठेवा.