पहिला घाणा

माझ्या जिभेविषयी माझं मत पहिल्यापासून चांगलं आहे. आळणी-खारट कुणालाही कळतं. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकतो, डोळे मिटतो आणि भाजणीतले धने जरा जास्त भाजले गेलेत का ते सांगतो. निदान तीस वर्षं सांगत आलोय. दिवाळीत आमच्या पुण्याच्या घरी येणारे लोक या कार्यक्रमासाठी थांबतात, असा माझा समज होता.

त्यामुळे न्यू जर्सीत लेकीच्या ओट्यावर चॉकलेट केकच्या तयार पिठाचा खोका दिसल्यावर मी जे बोललो, ते माझ्या लौकिकाला धरूनच होतं.

"हे काय, पाकिटातलं?"

नातीच्या शाळेत बेक सेल होता. म्हणजे पोरांनी घरून खाऊ करून न्यायचा, पालकांनी तो एकमेकांकडून विकत घ्यायचा आणि त्या पैशांतून वाचनालयाला पुस्तकं. लेकीने दोन डझन कुकीज कबूल केल्या होत्या, वरून चॉकलेटचं फ्रॉस्टिंग लावलेल्या. माझ्या प्रश्नावर ती काही बोलली नाही. मीटिंग होती, लॅपटॉप उचलून वर गेली. सौ. तर विमानातून उतरल्या दिवशीच 'मी सुट्टीवर आहे' असं जाहीर करून बसलेली. उरलो मी.

"आजोबा, तू करशील?" नातीने विचारलं. इथे जन्मलेल्या पोरांना अहो-जाहो जमत नाही, आणि एकेरीत हाक मारली की म्हातारी माणसं चटकन कामाला लागतात हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

"करीन की. त्यात काय आहे? लहानपणी आम्ही नानकटाई करायचो."

आता या वाक्याचा खुलासा करायला हवा. साताऱ्याला आमच्या घरी नानकटाई होत नसे. कुणाच्याच घरी होत नसे, घरात भट्टी कुठली? मे महिन्याची सुट्टी लागली की आई सामान काढायची. मैदा, रवा, डालड्याचा पिवळा डबा, पुडीत बांधलेली वेलदोड्याची पूड. साठचं दशक, साखर रेशनची. ती दोन महिने सगळ्यांच्या चहातून चमचा-चमचा वाचवून, कुटून, चाळून ठेवलेली. हे सगळं दोन पिशव्यांत भरून मला बेकरीत धाडायचं. बेकरीवाला मजुरी घेऊन आपल्याच सामानाची नानकटाई करून देई. माझं काम एकच, पहारा.

"तुपावरची नजर हलवू नकोस," आई दारापर्यंत येऊन बजावायची.

बेकरीवाला प्रत्येकाच्या तुपातलं वाटीभर बाजूला काढतो आणि त्यावरच त्याचा धंदा चालतो, असा अख्ख्या पेठेचा ठाम समज होता. त्यामुळे भर दुपारी दोन वाजता, जिथे कोळशानेही घाम पुसला असता अशा त्या खोलीत, आठ-दहा पोरं भिंतीला टेकून ओळीने बसलेली असत. कुणी बोलत नसे. प्रत्येकाची नजर आपापल्या डब्यावर. बेकरीवाला बनियनवर. परातीत तूप-साखर घेऊन तो तळहाताने फेसायला बसे, ते पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग त्यात मैदा. मग लिंबाएवढा गोळा, तळव्यात एक फेरी, अंगठ्याचा दाब, की पत्र्यावर. पुढचा गोळा. त्याचे हात आमच्याकडे बघायचे नाहीत आणि तोही बघायचा नाही. आम्ही त्याला चोर समजतो हे त्याला माहीत होतं, असं मला आता वाटतं. पत्र्याच्या कडेला खडूने आपली खूण करायची, लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा भट्टीच्या तोंडात जायचा आणि तिथे पहारेकऱ्याचा कस लागायचा, कारण भट्टीत पुढे काय होतं ते दिसत नाही. आत गेलेल्या साठ, घरी पोचलेल्या सत्तावन्न, असं दरवर्षी व्हायचं. तीन मी वाटेत खाल्लेल्या असत. आई ती तूट बेकरीवाल्याच्या नावावर मांडायची आणि मी मांडू द्यायचो.

तर हा माझा पूर्वानुभव. 'आम्ही करायचो' यातला 'आम्ही' म्हणजे तूप आईचं, हात बेकरीवाल्याचे आणि नजर माझी.

खोक्यावर 'डेव्हिल्स फूड' असं लिहिलेलं. सौ.ने चष्मा लावून वाचलं. "सैतानाचं अन्न? शाळेत न्यायला?"

"अगं, पांढऱ्या, हलक्या केकला एंजल फूड म्हणतात. हा काळा, म्हणून डेव्हिल्स."

"म्हणजे इथेही रंगावरूनच," ती म्हणाली आणि वाटाणे सोलायला लागली. सुट्टीवर असलेली माणसं वाटाणे का सोलतात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

"आणि या बेटी क्रॉकर कोण?"

हा प्रश्न माझ्या आवडीचा होता, कारण उत्तर मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. कुणीच नाही! 1921 मध्ये मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या कंपनीकडे बायकांची पत्रं यायला लागली, त्यांना उत्तरं द्यायला एक बाई हवी, म्हणून बाईचं नाव तयार केलं. सौ.चा चेहरा पडला. "आपल्या कमलाबाई ओगले निदान खऱ्या होत्या," ती म्हणाली. तिच्या लग्नातल्या 'रुचिरा'चा पुठ्ठा हळदीने पिवळा झालाय, पण तिने ते पुस्तक कुणाला दिलेलं नाही.

मी पुढे सरसावलो. इथे एक गोष्ट फार सांगितली जाते. म्हणे तयार पिठात नुसतं पाणी घालून केक करताना बायकांना अपराधी वाटायचं. 1950च्या दशकात अर्नेस्ट डिक्टर नावाच्या, व्हिएन्नाहून आलेल्या मानसशास्त्रज्ञाने कंपन्यांना सल्ला दिला की पिठातली अंड्याची पूड काढा, ताजी अंडी बाईला स्वतः फोडू द्या, म्हणजे तिला केक आपण केला असं वाटेल. गोष्ट झकास आहे, पण पिट्सबर्गच्या डफ कंपनीने 1930च्या दशकातच ताजी अंडी घालायच्या पिठाचं पेटंट घेतलं होतं. या कंपनीचा मूळ धंदा काकवीचा. म्हणजे पाकिटातल्या केकचा मूळ पुरुष काकवीवाला, जवळजवळ आमच्या बाजूचाच!

हे सगळं होईपर्यंत नातीने दोन्ही अंडी फोडली होती. अपराधी वगैरे काही दिसत नव्हती.

"गुलाबजाम तेवढे पाकिटातले चालतात तुम्हाला," सौ. वाटाण्यांकडे बघत म्हणाली.

"ते वेगळं. गिट्स 1963 पासून पुण्यातलं आहे." पुण्यात तयार झालेली वस्तू पाकिटात असली तरी पाकिटातली नसते, हे मी तिला लग्नानंतर सुरुवातीलाच समजावून दिलं होतं.

कृती नातीला तोंडपाठ होती. खोक्यावर केकसाठी पाणी, तेल आणि तीन अंडी सांगितलेली असतात. कुकीजसाठी पाणी अजिबात घालायचं नाही, अर्धा कप तेल आणि दोन अंडी, बस्स. पाणी गेलं की पातळ मिश्रणाऐवजी गोळा होतो. तो इतका चिकट झाला की माझे दोन्ही हात एकमेकांना नमस्कारात अडकले. मी तळव्यांना साजूक तूप लावलं आणि लाडू वळायला घेतले. "आजोबा, छोटे," नात म्हणाली. मी बेसनाच्या मापाने बारा केले. चोवीस व्हायला हवे होते.

ओव्हन 350 अंशांवर. आकडा ऐकून मी दचकलो, मग कळलं की ते फॅरनहाइट, आपल्याकडचे साधारण 175. वेळ नऊ मिनिटं. नऊ मिनिटांनी दार उघडलं तर सगळ्या मधोमध ओल्या, बोट लावलं की खळगा.

"काढ, आजोबा. त्या कच्च्याच दिसतात. बाहेर पत्र्यावर होतात."

आठ वर्षांच्या मुलीने, ज्याचे नानकटाईच्या भट्टीसमोर मे महिन्यांमागून मे महिने गेले त्याला, हे शिकवावं? मी पत्रा आत ढकलला. आणखी पाच मिनिटं. मग आणखी दोन, खात्रीसाठी. बाहेर काढल्यावर गरम गरमच फ्रॉस्टिंग थापलं, कारण गार होऊ देणं हा मला आळस वाटला. चॉकलेट बघता बघता वितळलं आणि पावसाळ्यात घाटात दरड येते तसं एका बाजूने घसरत ताटात उतरलं. तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. लेक धावत खाली आली, खिडकी उघडली, टॉवेल फडकावून भोंगा शांत केला. पत्र्याकडे बघितलं. काही न बोलता तिने वरच्या कपाटातून दुसरा खोका काढून ओट्यावर ठेवला.

"दोन आणले होतेस?"

"एक चुकणार हे धरूनच आणते मी. हिच्या पहिल्या वाढदिवसाला माझाही घाणा असाच गेला होता. इथे विचारायला कुणी नव्हतं. तुम्हाला फोन करणार होते, बाबा." ती थांबली. "पण तुम्ही म्हणाला असतात, पाकिटातलं?"

ती रागावलेली नव्हती, हेच जास्त लागलं. मी तिच्याकडे न बघता तळव्यांना चिकटलेलं पीठ सोलत राहिलो.

सौ.ला शांतता सहन होत नाही. "आता विषय निघालाच आहे," ती म्हणाली, "तर आपली चकलीची भाजणी गेली अकरा वर्षं विकतची आहे. कोपऱ्यावरची गिरणी बंद झाली त्या वर्षापासून."

"आणि धने?"

"धने तेच भाजतात. दरवर्षी डोळे मिटून तुम्ही त्यांनाच शाबासकी देता."

भाजणीचे तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे असतात. डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, धने-जिरं वेगळं. आपल्या आधी गिरणीत गव्हाचं दळण नको म्हणून डबा मांडीवर घेऊन ताटकळायचं. हे मला सगळं पाठ आहे, पाहुण्यांना रंगवून सांगता येतं. यातलं मी केलेलं काय आहे, हे त्या ओट्यापाशी उभं राहून आठवत होतो. एकदा पिशवी न्यायला गेलो होतो, ती छत्रीबरोबर तिथेच विसरून आलो होतो. आयुष्यभर मी 'घरचं' म्हणून जे जे मिरवलं, त्याच्यासमोर भिंतीला टेकून नजर ठेवून बसलो होतो, एवढंच.

दुसरा घाणा नातीच्या हुकुमाखाली झाला. छोटे गोळे, चोवीस. नऊ मिनिटं. कच्च्या दिसत असतानाच बाहेर. मग मी हात पाठीमागे बांधून अर्धा तास त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि नात माझ्याकडे बघत उभी राहिली, पहाऱ्यावर. गार झाल्यावर सुरीच्या पात्याने तिने फ्रॉस्टिंग पसरलं आणि वर साखरेचे रंगीत दाणे टाकायचं काम मला दिलं. डब्यात भरताना मोजल्या तर तेवीस निघाल्या. मी नातीकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

"मम्माला सांग, ओव्हनने खाल्ली," ती म्हणाली.

शाळेत तेवीसच्या तेवीस खपल्या. पहिल्या घाण्यातल्या अजून फडताळात आहेत. चहात बटरपेक्षा जरा जास्त वेळ धरल्या तर माझ्या दातांनीही तुटतात. रोज सकाळी एक खातो. सौ. म्हणते, कोको जरा जास्त भाजला गेलाय.