पंपकाका

पंपकाका हा न्यू जर्सीतल्या मराठी वस्तीचा, विशेषतः एडिसन, पर्सिपनी, प्रिन्स्टन या पट्ट्यातला रहिवासी. वय पंचावन्न ते सत्तर, शिक्षण इंजिनिअरिंगचे, नोकरी संपलेली किंवा संपत आलेली, घराला तळघर आणि तळघरात वाइन. शिकागोकडे आणि कॅलिफोर्नियातही त्याचे भाऊबंद आहेत. नुसती वाइन करणारे पुष्कळ असतात. त्यांची येथे दखल घेण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे वाइनसाठी व्हॅक्यूम पंप आहे आणि तो पाहिल्याशिवाय पाहुण्याला वरच्या मजल्यावर चहा मिळत नाही, तोच पंपकाका.

पंपकाका महाराष्ट्रात का आढळत नाही, याला कायदा कारणीभूत आहे. परवान्याशिवाय घरी वाइन करणे महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याच्या कचाट्यात सापडते. अमेरिकेत दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन आणि एकट्या माणसाला १०० गॅलन वाइन करण्याची केंद्रीय कायद्याने मुभा आहे. फक्त ती विकता येत नाही. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर, बाटल्या हजारेक. काकांची झेप साठ बाटल्यांच्या पुढे जात नाही, पण हजाराचा आकडा ते पाहुण्यांना अशा सुरात ऐकवतात की उरलेल्या नऊशे चाळीस बाटल्या त्यांनी केवळ संयमापोटी सोडून दिल्या असे वाटावे. काकू वाइनला शिवत नाहीत. त्यांच्या वाट्याचे १०० गॅलन काकांच्या हिशेबात जमा असतात.

हंगाम सुरू होतो सप्टेंबरअखेर. कॅलिफोर्नियाची द्राक्षे ३६ पौंडांच्या पेट्यांतून ट्रकने पूर्व किनाऱ्यावर येतात. ही वाट इटालियन कुटुंबांनी पाडली. पंपकाका तिच्यावरून नंतर चालू लागले. बहुतेक काकांच्या शेजारी एक इटालियन आजोबा असतातच. काका तीन पेट्या घेतात. शंभर पौंडांच्या आसपास द्राक्षांतून सहा गॅलनचा एक कारबॉय, म्हणजे अरुंद गळ्याची मोठी काचेची बरणी, भरतो आणि त्यातून तीस बाटल्या निघतात. दुसऱ्या कारबॉयची सोय तयार रसाच्या डब्यातून होते, पण त्याचा उल्लेख आजोबांसमोर करायचा नसतो.

द्राक्षे चिरडली, यीस्ट घातले की पहिले काही दिवस काकांना फार जड जातात. यीस्टला वाढीच्या सुरुवातीला ऑक्सिजन लागतो, म्हणून रस उघड्या टोपात ठेवून दिवसातून दोन-तीनदा ढवळावा लागतो. ज्या हवेशी पुढे वर्षभर युद्ध करायचे, तिलाच घरात बोलावून ढवळायचे! काका ढवळतात, पण तोंड फिरवून.

हे वैर निराधार नाही. आंबणे संपले की वाइनला हवेचा संपर्क जितका कमी तितका बरा. नाहीतर ती तपकिरी पडते, कापलेल्या सफरचंदासारखा वास येतो आणि ॲसिटिक जिवाणूंना संधी मिळाली तर शेवटी व्हिनेगर हाती लागते. शिवाय तळाशी बसलेल्या गाळावरून ती दोन-चार वेळा दुसऱ्या कारबॉयमध्ये काढावी लागते. साधा मार्ग सायफनचा. त्यासाठी भरलेला कारबॉय टेबलावर चढवावा लागतो, आणि तेवीस लिटर वाइन व काच मिळून त्याचे वजन तीस किलोच्या घरात जाते. पन्नाशीनंतर कधीतरी कमरेत उसण भरते, डॉक्टर वजन उचलायला बंदी करतात आणि येथे पंपाचा प्रवेश होतो. काका मात्र पंपाचे कारण ऑक्सिजन असे सांगतात. कमरेचा विषय काकू काढतात.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. रिकाम्या कारबॉयच्या तोंडात दोन भोकांचे रबरी बूच बसवायचे. एका भोकातली नळी पंपाकडे, दुसऱ्यातली भरलेल्या कारबॉयच्या तळाशी, गाळाच्या जरा वर. पंप रिकाम्या कारबॉयमधली हवा खेचतो आणि बाहेरच्या हवेचा दाब वाइनला नळीतून वर ढकलतो. भरलेला कारबॉय जमिनीवरच राहतो. म्हणजे वाइन चढवण्याचे सगळे काम हवाच करते. ही गोष्ट काकांना कोणी लक्षात आणून दिली तर ते क्षणभर गप्प होतात आणि मग पंपाचा आवाज किती डेसिबल आहे ते सांगू लागतात.

मधे एक रिकामी बाटली सापळा म्हणून लावायची असते, फेस उसळून पंपात गेला तर पंप खलास म्हणून. ही बाटली प्रत्येक पंपकाका पहिला पंप खलास झाल्यावर लावतो.

पंपांचीही वंशावळ असते. पहिला हातपंप, मोटारीच्या ब्रेकमधली हवा काढायचा. तो दाबून दाबून मनगट धरले की दुसरा येतो एसी दुरुस्तीवाल्यांचा; तो जोरदार असतो, पण त्यात तेल असते आणि त्याच्या धुराचा वास तळघरातून वर देवघरापर्यंत पोचतो. तिसरा हॉस्पिटलातून मोडीत निघालेला सक्शन पंप. तो बिनतेलाचा, दणकट आणि स्वस्त असतो, आणि काचेच्या भांड्यावर मापाच्या रेघाही असतात. पूर्वी त्यातून काय काय खेचले गेले असेल हा प्रश्न पाहुण्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. हवा फक्त आत जाते, बाहेर येत नाही, हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असूनही त्या दिवशी ग्लास भरलेलेच राहतात. अखेर वाइनसाठीच बनवलेला डायफ्राम पंप घरात येतो आणि काकू सुटकेचा निःश्वास टाकतात. जुने तिन्ही पंप फळीवर राहतात. पंपकाका पंप टाकत नाहीत.

पंपाच्या इतिहासाची काकांना विशेष ओढ असते आणि तो खरोखर ऐकण्यासारखा आहे. मॅग्डेबर्गचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकाच्या मध्यास निर्वात करण्याचा पहिला खटाटोप केला तो वाइन किंवा बिअरच्या लाकडी पिंपावरच. पिंप पाण्याने गच्च भरून त्याने खालून पितळी पंपाने पाणी खेचायला लावले. पाणी कमी होऊ लागले तशी फटींतून हवा आवाज करत आत शिरली. मग त्याने तांब्याचा गोल करून घेतला, पुढे पंप सुधारला आणि घोड्यांच्या जोड्यांनाही न सुटणारे दोन अर्धगोल जगाला दाखवले. काकांच्या कथनात घोड्यांना चार वाक्ये मिळतात आणि पिंपाला अर्धा तास. हवा आत शिरली तो क्षण सांगताना त्यांचा आवाज पडतो.

पंपाचे दुसरे काम वायू काढण्याचे. साखर आंबते तेव्हा वजनाने जवळजवळ अर्धी साखर अल्कोहोल होते आणि अर्धी कार्बन डायऑक्साइड. बराचसा वायू बुडबुड्यांनी निघून जातो, थोडा वाइनमध्ये विरघळून राहतो. तो काढला नाही तर वाइन जिभेला चुरचुरते आणि लवकर निवळत नाही. महिनाभर तशीच ठेवली तर पुष्कळसा वायू आपोआप जातो. पण महिनाभर वाट पाहणे हा इंजिनिअरिंगचा मार्ग नव्हे. काका बूच बसवतात, पंप लावतात आणि मापकाचा काटा पाऱ्याच्या बावीस इंचांवर गेला की दिवा विझवून टॉर्चच्या उजेडात वर चढणारे बुडबुडे दाखवतात. पूर्ण निर्वात म्हणजे तीस इंचांना किंचित कमी. या वेळी एखादा पाहुणा हमखास विचारतो, ‘काका, यात दारूच उडून जात नाही का?’ काका या प्रश्नाचीच वाट पाहत असतात. बावीस इंचांवर आत पाऱ्याचे दोनशे मिलिमीटर दाब उरतो, खोलीच्या तापमानाला अल्कोहोलचा बाष्पदाब चव्वेचाळीसच्या आसपास, तोही शुद्ध अल्कोहोलचा, तेव्हा उकळण्याचा प्रश्नच येत नाही. उत्तर अचूक आहे. ते ऐकायला तोवर फक्त काकूंची आई उरलेली असते. पुण्याहून आलेल्या या आजी रोज रात्री दोन चमचे द्राक्षासव घेतात, तेही आंबवलेलेच; आणि खाली जावई दारू करतो याचे त्यांना मनापासून वाईट वाटते.

प्लॅस्टिकच्या कारबॉयला पंप लावू नये. हे पुस्तकात लिहिलेले असते. तरी प्रत्येक काका एकदा लावतो आणि सगळ्यांच्या देखत कारबॉय पोट आत घेऊन चपटा होतो. काचेलाही बारीकशी चीर गेलेली असेल तर ती निर्वातात आत फुटू शकते, म्हणून तपासून घ्यावी. काका तपासतात, पाहुण्यांनाही चष्मे घालायला लावतात.

पंप हाती आला की वाइनवर समाधान होत नाही. काका घरातल्या वस्तूंकडे हवा लागते आहे या नजरेने पाहू लागतात. पिशव्या निर्वात करण्याचे यंत्र येते. भाजणी, मेतकूट, तीळ, पापड, पासपोर्ट, घराचे कागद, सगळे पारदर्शक पिशव्यांत आवळून बसते. चकलीवर प्रयोग होतो. पिशवी उघडल्यावर ती चमच्याने खावी लागते. मंडळाच्या गणपतीला एका काकांनी एकवीस उकडीचे मोदक आदल्या रात्री निर्वात केले. प्रसाद चविष्ट होता. तो मोदक होता हे सांगावे लागले.

पुढे पुढे हे निदान माणसांनाही लागू होते. कोणाची भागीदारी फुटली की काका मान हलवतात: ‘हवा लागली.’ मंडळात दोन तट पडले: ‘बूच सैल होतं.’ मुलगी कॉलेजला बॉस्टनला गेली आणि थँक्सगिव्हिंगला मित्राला घेऊन आली तेव्हा काका काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, ‘अहो, हवा लागणारच.’

चाखण्याचा विधी लांबतो. येथे हवा दुसऱ्यांदा सूड घेते. नवी रेड वाइन बाटलीतून काढल्याबरोबर बंद-बंद लागते. ती पसरट बुडाच्या भांड्यात ओतून तास-दोन तास उघडी ठेवली की मोकळी होते. वर्षभर ऑक्सिजनचा रेणू आत येऊ न देणाऱ्या माणसाला आता ती हवेत ओतून, वर भांडे फिरवून, वाट पाहत बसावे लागते. पाश्चरने १८६६ साली वाइनवर ग्रंथ लिहिला, त्यात थोड्याथोड्या ऑक्सिजनानेच वाइन परिपक्व होते असे मांडले आहे. ते काकांना माहीत आहे. पाश्चरच्या काळी चांगले पंप नव्हते, असे त्यांचे मत आहे.

काकांची वाइन वाईट नसते. स्वच्छ, पारदर्शक, चुरचुर नसलेली, निर्दोष आणि जरा गप्प असते. शेजारचे इटालियन आजोबा रबरी नळीला तोंड लावून ओढतात, हवेची फिकीर करत नाहीत आणि बापाच्या लाकडी चरकातून रस काढतात. त्यांची वाइन तीन वर्षांतून एकदा आंबट होते. उरलेली दोन वर्षे ती काकांच्या वाइनपेक्षा सरस असते. हे काकांनी कधी कबूल केलेले नाही, पण गणपतीच्या जेवणानंतर ते आजोबांच्याच ओट्यावर सापडतात.

पंपकाकांबद्दल चार बरे शब्द लिहिणे अवघड आहे, कारण ते त्यांच्या कानावर गेले तर आणखी एक प्रात्यक्षिक पाहावे लागेल. तरीही २०२१ च्या सप्टेंबरची नोंद करायला हवी. आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीवर कोसळला आणि तळघरे भरली, तेव्हा मराठी घरांत रात्री फोन फिरले. एका काकांनी गाडीत पंप घातला, चार कारबॉय घातले आणि पाण्यातून वाट काढत ते पोचले. तळघर उपसायला हा पंप जवळजवळ निरुपयोगी असतो. एका खेपेला तेवीस लिटर. एक भरेपर्यंत दुसरा जिन्यावरून वर नेऊन रिकामा करायचा. सकाळपर्यंत काका तेच करत राहिले. वजन उचलायला डॉक्टरांची बंदी होती.

अलीकडे पिणारे कमी झाले आहेत. पहिल्या पिढीतल्या एकाला मधुमेह, दुसऱ्याला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, तिसरा मुलाकडे टेक्सासला, चौथा राहिला नाही. काका अजून तीन पेट्या घेतात. बाटल्यांवर वर्ष लिहितात आणि कोणासाठी तेही; ‘साठीसाठी’ लिहिलेल्या काही बाटल्या आता पंचाहत्तरीच्या रांगेत सरकवल्या आहेत, काहींवरचे नाव खोडावे लागले आहे. तेवढ्या बाटल्या आजोबांकडे जातात.

वारशाचा प्रश्न हल्ली जावयांमुळे सुटू लागला आहे. थँक्सगिव्हिंगला आलेला तो मित्र पुढे जावई झाला. त्याला तळघर आवडले, पंप आवडला, पण तो बिअर करतो. बिअर स्टीलच्या पिंपात थंड करून तो वरून बारा पौंड दाबाने कार्बन डायऑक्साइड आत कोंबतो. काकांनी तीस वर्षे जो वायू खेचून बाहेर काढला, तो हा मुलगा नळकांडी विकत आणून आत भरतो. पहिल्या वर्षी दोघांत यावर बोलणे झाले नाही. आता एका भिंतीला पंप चालतो आणि दुसऱ्या भिंतीला गॅसचे नळकांडे उभे आहे. पिंपात बिअर भरण्याआधी जावई आतली हवा गॅसने हाकलून लावतो हे कळल्यापासून काका त्याची ओळख ‘मुलगा समजूतदार आहे’ अशी करून देतात. बिअर ते घेत नाहीत, चुरचुरते म्हणतात.