वनवास : दोन रात्री, तीन दिवस

परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतील मुलांसाठी वननिवास शिबिर आखताना प्रथम जागा ठरते. ती बहुधा कर्जतकडची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत आणि जंगलात जंगल निघालेले पालकांना चालत नाही.

मग निवारा. बांबू रोवणे, काथ्याने आवळणे, ताडपत्रीला उतार देणे, भोवती चर खणणे, हे शिकवायला प्रशिक्षक आणि शुल्क लागते. श्रावणात लालबागच्या गल्ल्यांत मंडपवाले हेच काम भर पावसात, परांचीवर लोंबकळत करतात. ते पाहायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्रही मिळत नाही. त्यामुळे शिबिरार्थी त्याच मंडपाखालून, वाहतूक अडते म्हणून कुरकुरत, शिकवणीला जातात.

शेकोटीचा प्रश्न कायद्यानेच मिटवला आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात मनाई असताना जाळ करणे गुन्हा ठरतो. मग लाकडांच्या मोळीत बल्ब, वर लाल जिलेटिन कागद.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर मुलांचा तळ ठोकला, तेव्हा पालकांचा व्हॉट्सॲप गट नव्हता. आता तासाला छायाचित्र पाठवावे लागते. म्हणून जागेची अंतिम निवड झाडी पाहून नव्हे, रेंज पाहून होते.