मंजुघोषाकारांस अनावृत पत्र

रा. रा. नारो सदाशिव रिसबूड यांस,
मुक्काम स्वर्गलोक, नाहीतर आपल्याच कादंबरीतला एखादा महाल.

सा. न. वि. वि.

१८६८ साली आपण ‘मंजुघोषा’ लिहिलीत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. लोकांना अद्भुताची हौस होती, ती आपण भागवलीत. तक्रार आहे ती प्रस्तावनेबद्दल. आम्हा हिंदूंच्या लग्नाच्या रीतीच अशा आहेत, की आमच्या आयुष्यात रंगतदार दुर्गुणही सापडत नाहीत आणि सद्गुणही; रोजचं लिहावं तर त्यात कुणाचं मन रमणार, म्हणून नाइलाजाने अद्भुताकडे वळावं लागतं, असं काहीसं आपण तिथे म्हणून गेलात. आरोपीने इतका नेटका कबुलीजबाब आपणहून छापून दिल्याचं दुसरं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आपल्या आधी ११ वर्षं बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या रोजच्या हालांवरच कादंबरी उभी केली होती. ती बहुधा आपल्यापर्यंत पोचली नसावी. पुढे हरिभाऊ आपट्यांनी साध्या घरातली एक मुलगी बोलती केली आणि रोजच्या जगण्यात काय काय भरलेलं असतं ते सगळ्यांना दाखवून दिलं. म्हणजे आपल्या प्रस्तावनेचा अर्धा भाग तेव्हाच निकालात निघाला. उरलेला अर्धा मात्र अजून धडधाकट आहे: अद्भुत लिहायचं म्हणजे रोजच्या जगण्याला सुट्टी द्यायची.

मी हे बोरगावहून लिहितो आहे. सौंसर तहसील, मध्य प्रदेश. घरात मराठी, शाळेच्या पाटीवर हिंदी, शेतात संत्री, रस्त्याकडेला कारखाने. आपल्या मोजमापाने भलतंच बेचव गाव. पण जवळच जाम सावळीला चला. तिथला मारुती आडवा आहे. उभा होता म्हणतात. खालचं धन उकरायला चोर आले, तेव्हा तो त्यावर आडवा झाला. पाहा, महाराज! वीज कोसळली नाही, आकाशवाणी झाली नाही, चोरांची राख झाली नाही. देवाने सरळ त्या जागेवर अंग टाकलं. खळ्यावर धान्याची रास पडलेली असताना राखणदार रात्री नेमकं हेच करतो. म्हणून तर ऐकणाऱ्याला पुरावा मागावासा वाटत नाही. मूर्ती अजून आडवीच आहे, म्हणजे धन अजून खालीच असणार, एवढा हिशेब त्याचा तोच करून टाकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला या. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड झेंडा म्हणून रोवलेलं असतं. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधल्या हवेत दगड. गोटमार. या काठच्या मुलाने त्या काठची मुलगी पळवली आणि नदी ओलांडताना दोघांवर दगड पडले, अशी कथा. (लग्नाच्या रीतीमुळे आमच्यात काही घडत नाही, असं आपणच म्हणालात ना?) दगडांऐवजी रबरी चेंडू वापरा म्हणून प्रशासनाने विनवून पाहिलं; चेंडूंचा निभाव लागला नाही. डोकी फुटतात, माणसं दगावली आहेत, ते कौतुकाने सांगण्यासारखं मुळीच नाही. पण या वेड्या खेळाचे नियम बघा. झेंडा हाती आला की मारामारी थांबते आणि तो चंडीमातेच्या देवळात जातो. झाड कुठे रोवायचं ते ठरलेलं, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं, आणि किंमत रक्तात मोजायची. त्याच दिवशी नागपुरात मारबत नावाची पुतळी रोगराई सोबत घेऊन गावाबाहेर जळायला निघते, तिचेही नियम आहेतच. आपल्या वंशजांच्या कादंबऱ्यांत मात्र जादू फुकट मिळते. नायक हात वर करतो, निळा प्रकाश पडतो, शत्रू पडतो. पुढच्या प्रकरणात तोच नायक कैदेत सापडतो, तेव्हा तो हात का वर करत नाही, हे विचारायची सोय नसते.

वाचक भोळा नाही, रिसबूडसाहेब. तो राक्षस मान्य करतो. चुकीची बाग मान्य करत नाही. आपल्याच घराण्यातल्या एका तरुण लेखकाने (नाव घेत नाही, पोर हुशार आहे) आमच्या भागावर महागाथा लिहायला घेतली आहे. त्यातला दहा डोक्यांचा असुर मी दोन घोटांत गिळला. मग राजकन्या संत्र्याच्या बागेत शिरली. भरल्या पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली, आणि वर झाड फुलांनी लदबदलेलं! अहो, आंबिया बहार हवा असेल तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, झाड मलूल होऊ द्यायचं, पानं गळू द्यायची, आपला जीव टांगणीला लावायचा आणि मगच पाणी सोडायचं. या पोराच्या राज्यात पाट बारा महिने भरलेला आणि फुलंही बारा महिने. तिथे मी पुस्तक मिटलं. असुर त्यानंतर काय करत होता, मला ठाऊक नाही.

नारायण धारपांना हे नेमकं कळलं होतं. त्यांचं अमानवी साध्यासुध्या मध्यमवर्गी घरात शिरतं, म्हणूनच अंगावर काटा येतो. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तला प्रदेश तर पूर्ण परका, नावंही परकी, पण तिथला माणूस ज्या हट्टाने नशिबाशी झगडतो, तो हट्ट कोणीही ओळखावा. आणि आमच्या शेतावरचा सालगडी चकवा लागल्याची गोष्ट सांगायचा, तेव्हा कुठल्या धुऱ्यावरून कुठल्या बाभळीकडे वळलो, डाव्या पायाची चप्पल कुठे रुतली, बिडी पेटवायला गेलो तर काड्या कशा ओल्या निघाल्या, इतकं सगळं सांगायचा. चकवा दिसतो कसा, हे त्याने कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, “मले दिसला असता त घरी नसतो आलो का, भाऊ?”

कळावे, लोभ आहे तसाच असो.

आपला,
बोरगावचा एक वाचक

ता. क. त्या तरुण लेखकाच्या महागाथेत तिसऱ्या भागात दहा हजार घोडेस्वार सातपुडा चढून एका रात्रीत नागपूरला येतात, तेही ऐन वैशाखात. टॉल्कीन नावाच्या इंग्रज गृहस्थाने आधी नकाशा काढला, मग गोष्ट त्यात बसवली, आणि चंद्राच्या तिथी जुळाव्यात म्हणून लिहिलेलं पुन्हा लिहिलं. इतकं करा असं आम्ही म्हणत नाही. आपल्या वंशजाला एवढंच विचारून कळवा, की त्या दहा हजार घोड्यांना वाटेत पाणी कुठे पाजलं? आमच्या गुरांना वैशाखात मिळत नाही.