वाघाच्या पलीकडचं गोंदिया

गोंदियाला जायचं म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस दोन प्रश्न विचारतो. नक्षलवादी आहेत का? वाघ दिसेल का? तिसरा प्रश्न त्याला सुचतच नाही.

कान्हाला निघालेले कितीतरी पर्यटक गोंदिया जंक्शनला उतरतात आणि थेट मध्य प्रदेशची वाट धरतात. मुर्री गाव तर शहराच्या उशाशी. तिथली धानाची बांधी बघायला कोण थांबणार? त्यांच्या यादीत गोंदिया म्हणजे फक्त फलाट.

जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्याचा ‘जय’ वाघ आठवतो? २०१३ मध्ये तो चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. मागोमाग कॅमेरे गेले, जिप्सी गेल्या. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. नागझिरा या साऱ्या काळात होतं तिथंच होतं.

लोक जंगलाला जातात की फोटोला?

नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजानं बांधलेला, शतकांपूर्वीचा. मारुती चितमपल्लींची जंगलावरची पुस्तकं वाचून आलेला माणूस पहाटे त्याच्या काठावर पाखरांसाठी बसतो. रील बघून आलेला गाइडला विचारतो, ‘‘काल कुठं दिसला?’’

तळं एकच. दोघं वेगवेगळ्या गावी आलेले.

पावसाळ्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बंद होतो आणि पर्यटक समजतात, जिल्हाच बंद झाला. हाजरा फॉल तेव्हाच कोसळत असतो. सारसाची जोडी तेव्हाच धानात घरटं करते. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यत्वे याच जिल्ह्यात, विजेच्या तारा आणि कीटकनाशकांतून वाचलेले.

त्यांच्याभोवती जिप्सींचा घोळका मात्र नको. किती लांब उभं राहायचं, बांधावर कोणाला विचारून पाय ठेवायचा, हेही पर्यटनाच्या माहितीतच यायला हवं. पत्रकात नुसता पक्ष्याचा फोटो छापणं बेजबाबदारपणा आहे.

आणि गर्दीच मोजायची तर माघ पौर्णिमेला कचारगडला या. सालेकसा तालुक्यातल्या त्या गुहांकडे गोंड समाजाचे लाखो भाविक अनेक राज्यांतून येतात. कोणत्या रीलवर? आजा-आजीनं सांगितलेल्या वाटेवर.

इतकी माणसं येतात, तरी शहरी पर्यटकाच्या नकाशावर कचारगड नाही. नकाशा काढणाऱ्यानं कोणाला विचारलं होतं?

गोंदियाच्या फलाटावर एक मोठा फलक लावा. कोणत्या महिन्यात काय दिसतं, हाजरा फॉल आणि कचारगडसाठी दरेकसाला कोणती गाडी थांबते, सालेकसाची शेवटची एसटी किती वाजता. वाघाचा फोटो खाली, कोपऱ्यात.