गॅसबत्ती आणि दूधवाला

आमच्या सोसायटीत हल्ली कुणी साधं खोटं बोलत नाही, थेट ‘गॅसलायटिंग’ करतं. परवा हिशेब जुळेना म्हणून दूधवाल्यावरही तोच आरोप झाला. तो बिचारा म्हणाला, “वहिनी, मी फक्त दूध टाकतो. गॅसवाला वेगळा.”

हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकावरून आलेला. नवरा चोरून वरच्या मजल्यावर दागिने शोधायला दिवा लावतो, की खालची गॅसबत्ती मंदावते. बायकोनं विचारलं, तर तिलाच भास होतात म्हणतो. असं करत करत तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवतो. दोन लिटर दुधासाठी एवढा खटाटोप कोण करेल हो?

बाकीची निदानं जिन्यातच उरकतात. बारशाला न आलेला इंट्रोव्हर्ट, सेल्फीवाली नार्सिसिस्ट, डबे ओळीनं लावणारी ‘जरा ओसीडी’. खऱ्या ओसीडीत कडी दहादा तपासूनही धास्ती जात नाही, त्यात तास जातात. आणि माणूस ते बहुधा लपवतो, हळदीकुंकवात मिरवत नाही.

असो. दुधाचा हिशेब लागला. चूक वहिनींच्या बेरजेत होती.