तारेवरचे काका

सोसायटीत चोरी एकदाच झालेली असते, तीही दुसऱ्या विंगमध्ये आणि सायकलची. पण काकांची झोप त्या दिवसापासून उडते. निवृत्त माणूस एकतर गुडघ्यांच्या मागे लागतो, नाहीतर घराच्या सुरक्षिततेच्या. काकांचे गुडघे दुर्दैवाने ठणठणीत आहेत.

मग लॅमिंग्टन रोडवरून एक डबा येतो. दाराला चुंबकाचा सेन्सर, हॉलमध्ये अंगाच्या उष्णतेवर चालणारा दुसरा, आणि चोर आला की आपोआप फोन लावणारा ऑटोडायलर. दुकानदाराने सांगितलेलं असतं, ‘फोनच्या लाइनला जोडा, झालं.’ हे ‘झालं’ काकांना झोंबतं.

तेव्हापासून ते लोकांना जिन्यात गाठतात. ‘सांग बघू, लाइनवर व्होल्ट किती?’ हातातली दुधाची पिशवी सावरेपर्यंत उत्तरही तेच देतात. ‘अठ्ठेचाळीस, डीसी! रिसीव्हर उचलला की दहाच्या आसपास. पण घंटी वाजताना? पाऊणशेच्या घरात, तेही एसी! तार सोलताना कुणाचा फोन आला तर?’ आणि पुरावा म्हणून स्वतःचा अंगठा पुढे करतात. तो फोन काकूंच्या बहिणीचा होता. काका त्याला अजून योगायोग मानत नाहीत.

पण विद्या पक्की, हे मान्य करायलाच हवं. बाहेरून आलेली लाइन आधी डब्यात, मग घरातल्या फोनांकडे. नाहीतर चोराने स्वयंपाकघरातला रिसीव्हर नुसता बाजूला काढून ठेवला तरी डायलर मुका. घरच्या विजेवर चालणारं यंत्र एक्स्चेंजच्या तारेला थेट टेकवायचं नाही, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. पावसाळ्यातल्या विजांसाठी सर्ज अरेस्टर, त्याला नीट अर्थिंग. आणि हात लावण्याआधी लाइन बाहेरूनच सोडवायची, हे कलम अंगठ्यानंतर जोडलं गेलं.

गडबड फक्त संदेशात. काकांनी तो स्वतःच्या आवाजात भरलाय: ‘नमस्कार. मी बोलतोय. घरात चोर शिरला आहे. कृपया घाबरू नये. आपली जेवणं झाली असल्यास यावे.’ यादीत पहिले जावई. पोलीस शेवटी, ‘त्यांना कशाला उगाच त्रास!’ एका रात्री सेन्सरवरून पाल फिरली आणि जावईबापू बदलापूरहून टॅक्सी करून हजर झाले. काकूंनी पोहे केले. काकांनी डायलर किती सेकंदांत लागला ते विचारलं.

आता घरात फायबर आलंय. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्या पुरवत, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन जिवंत. फायबरचा डबा मात्र आपल्याच विजेवर चालतो. चोराने मेन स्विच पाडला की फोन गेला, आणि डायलर बॅटरीवर जागा राहूनही उपयोग शून्य. काकांनी इन्व्हर्टर घेतला, सिमकार्डवाला दुसरा डायलरही घेतला. त्यात दहा नंबर बसतात आणि नातेवाईक सहाच भरले आहेत. तेव्हा जिन्यात काकांनी गोड हसून मोबाइल नंबर मागितला, तर तो देऊ नका.